जालन्याहून गेलेलं इस्पितळ

छत्रपती संभाजीनगरहून जालना साधारण ६० किलोमीटर. निजामाच्या काळात हैदराबाद संस्थानाचं मनोरुग्णालय या जालन्यात होतं. १९५३ साली ते हैदराबादला, एर्रागड्डा भागात हलवलं गेलं. तीन वर्षांनी राज्यांची पुनर्रचना झाली. मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि इस्पितळ आंध्र प्रदेशात राहिलं. पुढे महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं होती. मराठवाड्यात एकही नाही.

नेमक्या याच वर्षांत मनोरुग्णांचं जग बदलत होतं. तोवर स्किझोफ्रेनियावर डॉक्टरांच्या हाती होतं काय? कोंडून ठेवणं, इन्सुलिन देऊन बेशुद्ध करणं आणि विजेचे झटके. १९५२मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध वापरात आलं. भास थांबू लागले, भीती ओसरू लागली आणि माणूस पुन्हा बोलता झाला.

पण बोलता झालेला माणूस घरी कसा राहणार? अमृतसरला डॉ. विद्यासागर यांनी १९५०च्या दशकातच याचं उत्तर शोधलं. मनोरुग्णालयाच्या आवारात त्यांनी तंबू ठोकले आणि नातेवाइकांना रुग्णासोबत राहायला बोलावलं. घरच्यांना आजार समजला, तर घरी परतणं सोपं होतं, हे त्यांनी हेरलं होतं.

अमेरिकेत जेरार्ड होगार्टी यांनी १९८६मध्ये हेच आकड्यांत मांडलं. ज्यांच्या घरात टीका आणि ताण जास्त, असे रुग्ण त्यांनी निवडले. औषध सगळ्यांनाच होतं. पहिल्या वर्षात नुसत्या औषधावर असलेल्यांपैकी ४१ टक्के पुन्हा आजारी पडले. कुटुंबालाही समजावलं, तिथे हे प्रमाण १९ टक्के होतं. रुग्णाला चारचौघांत वावरायचं प्रशिक्षण दिलं, तिथे २० टक्के. दोन्ही दिलं, तिथे एकही नाही. दुसऱ्या वर्षी मात्र हा फायदा घटला. म्हणजे साथ मध्येच सोडून चालत नाही.

ही श्रीमंत देशांची चैन नाही. सातारा, गोवा आणि तमिळनाडूत झालेला एक अभ्यास २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्किझोफ्रेनियाचे २८२ रुग्ण होते. काहींना नेहमीचे दवाखान्यातले उपचार मिळाले. बाकीच्यांकडे त्याखेरीज प्रशिक्षित कार्यकर्तेही घरी जात. वर्षाअखेर या दुसऱ्या गटाची तब्येत थोडी अधिक सुधारली होती. चमत्कार झाला नाही, पण फरक पडला. गोळीची जागा मात्र कुणीच घेतली नव्हती. तिच्या जोडीला माणसं आली होती.

आपल्याकडे १९५६मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्याच्या रुग्णालयाला आपण सगळे ‘घाटी’ म्हणतो. अशा सर्वसाधारण रुग्णालयात खाटेशेजारी आई, भाऊ, बायको बसलेली असतेच. अमृतसरला ज्यांच्यासाठी तंबू ठोकावे लागले, ती माणसं इथे आपणहून येतात. त्यांच्याशी अर्धा तास बोलणं हाही उपचारच आहे.

अलीकडे राज्य सरकारने पुन्हा जालन्यातच प्रादेशिक मनोरुग्णालय मंजूर केलं. मराठवाड्यातून गेलेलं इस्पितळ इतक्या वर्षांनी परततंय. तिथे खाटा किती, हा प्रश्न विचारला जाईलच. तुम्ही आणखी एक विचारा: समुपदेशक किती, कामाचं प्रशिक्षण कुठे, आणि घरी सोडल्यावर विचारपूस करायला कोण येणार? १९५३मध्ये जालन्याहून गेलं होतं, ते कोंडून ठेवण्याच्या काळातलं इस्पितळ. परत येताना तेच येऊ नये.