एका पाठ्यपुस्तकाची पूर्वपीठिका



संगणकाला काम सांगण्याची विद्या, म्हणजे प्रोग्रॅमिंग, शिकूं इच्छिणारा तरुण आज बहुधा एवढेंच विचारतो कीं, कोणती भाषा शिकली असतां नोकरी लवकर मिळेल? प्रश्न गैर नाहीं; पोटाची विवंचना कोणाला चुकली आहे? परंतु या विद्येचा इतिहास पाहिला तर असें दिसतें कीं, तिच्यांतील कांहीं अत्यंत टिकाऊ विचार निव्वळ जिज्ञासेंतून जन्मास आले. अशा एका विचाराची व त्यावर रचलेल्या एका पाठ्यपुस्तकाची हकीकत आज सांगावयाची आहे.

इ. स. १९३६ सालीं, आजच्यासारखा संगणक अस्तित्वांतही नसतांना, अमेरिकेंतील प्रिन्स्टन येथें अलोंझो चर्च हे गणिती एका तात्त्विक प्रश्नांत गढले होते. कोणती आंकडेमोड ठराविक नियमांनीं पुरी होते, आणि कोणती होऊंच शकत नाहीं? उत्तरासाठीं त्यांनीं आपली ‘लॅम्डा कॅल्क्युलस’ ही पद्धति योजिली. तींत सर्व कांहीं फंक्शनांनींच साधावयाचें. फंक्शन म्हणजे काय, तें त्रैराशिकावरून कळेल. त्याच तीन संख्या दिल्या कीं उत्तर नेहमीं तेंच येतें, आणि तें काढतांना कोणाच्या वहींतील जमाखर्च बदलत नाहीं. हेंच शुद्ध फंक्शनचें लक्षण होय. त्याच सुमारास इंग्लंडांत ॲलन ट्यूरिंग यांनीं फितीवर चिन्हें लिहिणारें व पुसणारें एक यंत्र कल्पून तोच प्रश्न सोडविला, आणि दोन्ही मार्ग एकाच गांवीं पोंचतात, हें सिद्ध झालें.

पुढें प्रत्यक्ष यंत्रें झालीं तीं ट्यूरिंगच्या वळणाचीं: एक आंकडा पुसावा, त्या जागीं दुसरा लिहावा. जॉन बॅकस यांच्या मंडळीनें आय.बी.एम. कंपनींत १९५७ सालीं सिद्ध केलेली फोर्ट्रान भाषाही त्याच वळणाची. दुसरी वाट उघडली ती जॉन मॅकार्थी यांनीं. १९५८ सालीं एम.आय.टी. या संस्थेंत त्यांनीं लिस्प भाषेस आरंभ केला, आणि फंक्शन लिहिण्याची चर्च यांची खूण तींत घेतली. लिस्पचा अर्थ लिस्पमध्येंच सांगणारें एक फंक्शन त्यांनीं कागदावर मांडलें होतें. तें केवळ वाचनासाठीं, अशी त्यांची समजूत होती. परंतु स्टीव्ह रसेल या सहकाऱ्यानें तें यंत्राच्या भाषेंत उतरविलें, आणि कागदावरची भाषा चालूं लागली!

मौज अशी कीं, १९७७ चें ट्यूरिंग पारितोषिक स्वीकारतांना खुद्द बॅकस यांनींच, प्रोग्रॅमिंगची या पुसण्या-लिहिण्याच्या बंधनांतून सुटका होईल काय, असा प्रश्न जगापुढें ठेविला.

त्याच एम.आय.टी.मध्यें हॅरॉल्ड एबलसन व जेराल्ड ससमन यांनीं ज्यूली ससमन यांच्या साहाय्यानें १९८५ सालीं ‘स्ट्रक्चर अँड इंटरप्रिटेशन ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅम्स’ हें पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांतील भाषा स्कीम, म्हणजे लिस्पचीच धाकटी लेक. पांचाचा क्रमगुणाकार म्हणजे पांच गुणिले चाराचा क्रमगुणाकार, चाराचा म्हणजे चार गुणिले तिनाचा. असें एकापर्यंत उतरावें व गुणीत वर यावें, उत्तर १२०. अशा रीतीनें विद्यार्थी दोन प्रकरणें चालतो, आणि एकदां लिहिलेलें मूल्य बदलण्याची मुभा त्याला तिसऱ्या प्रकरणांत मिळते. आधीं विचार स्वच्छ, मग सोयी, हा त्यांतील क्रम मला फार मोलाचा वाटतो.

पुढें २००८ च्या सुमारास एम.आय.टी.नेंच हा पाठ्यक्रम बंद करून पायथन भाषेवर आधारलेला नवा आणिला. आतां तयार भाग जोडून काम होतें, सर्व कांहीं मुळापासून रचीत बसत नाहींत, असें ससमन यांनीं कारण दिलें. मग हें पुस्तक शिळें झालें काय? मला तसें वाटत नाहीं. शंभर पेपर दहा शिक्षकांनीं वाटून तपासावयाचे तर एकाच्या तपासणीनें दुसऱ्याचे गुण बदलतां कामा नयेत. हजारों यंत्रांत काम वाटतांनाही हीच अट. म्हणून गूगल कंपनीनें २००४ सालीं मांडलेल्या मॅपरिड्यूस पद्धतीनें लिस्पमधील कल्पनांचा आधार घेतला, आणि २०१४ सालीं जावा भाषेंतही लॅम्डा आली. तयार भाग जोडणाऱ्यालाही ते भाग कां जुळतात, हें कळलें पाहिजे. नाहीं तर बिघाड झाल्या दिवशीं तो हताश उभा राहील.

ज्याला मोठ्या महाविद्यालयाचें दार उघडलें नाहीं, त्यानें खंत करूं नये. हें पुस्तक आज इंटरनेटवर विनामूल्य वाचावयास मिळतें. त्याच लेखकांचीं १९८६ सालचीं चित्रित व्याख्यानेंही मिळतात. पुस्तक जड वाटल्यास डॅनियल फ्रीडमन यांचें १९७४ सालचें ‘द लिटल लिस्पर’, किंवा त्याचा नवा अवतार ‘द लिटल स्कीमर’, आधीं घ्यावें; गुरुशिष्यसंवादाप्रमाणें तें सारें प्रश्नोत्तररूप आहे. नंतर जॉन ह्यूज यांचा १९८९ सालीं छापलेला ‘व्हाय फंक्शनल प्रोग्रॅमिंग मॅटर्स’ हा निबंध वाचावा. मात्र वाचतांना कागद-पेन्सिल जवळ असावी, आणि प्रत्येक उदाहरण यंत्राला विचारण्यापूर्वीं स्वतः सोडवावें. नोकरीची भाषा दर दहा वर्षांनीं बदलेल. असा कमावलेला विचार बदलावा लागत नाहीं.