चित्रकार मोर्स आणि त्याचे कागद

तार आली म्हटलें कीं घरांतल्या माणसांच्या काळजाचा ठोका चुकावा, असा अनुभव आपल्याकडे कित्येक पिढ्यांनीं घेतला. ती तारसेवा २०१३ सालीं बंद झाली. परंतु तारघरांत जिचें 'कट्ट-कडकट्ट' चाले, त्या लिपीचें नांव अद्याप विस्मृतींत गेलेलें नाहीं. त्या लिपीचा जनक सॅम्युअल मोर्स हा मूळचा चित्रकार होता, हें मात्र पुष्कळांस ठाऊक नसतें. आणि तोहि हौशी चित्रकार नव्हे. तरुणपणीं लंडनला जाऊन त्यानें रीतसर शिक्षण घेतलें. न्यूयॉर्कमध्यें १८२६ सालीं स्थापन झालेल्या 'नॅशनल अकॅडमी ऑफ डिझाइन' या कलासंस्थेचा तो पहिला अध्यक्ष झाला. त्याचीं पत्रें, रोजनिश्या, टिपणें, कात्रणें मिळून सुमारें १०,००० कागद वॉशिंग्टनच्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'मध्यें जतन केलेले आहेत.

श्रोतेहो, त्याच्या पत्रव्यवहारांतील सर्वांत हृदयद्रावक भाग १८२५ च्या फेब्रुवारींतला. न्यूयॉर्क शहरानें जनरल लाफायेत याचें चित्र काढण्याचें काम मोर्सकडे सोंपविलें होतें व त्यासाठीं तो वॉशिंग्टनला आला होता. पैशाची विवंचना आतां सरेल, अशी आशा दिसूं लागली होती. लाफायेतची भेट झाल्याचें वर्तमान त्यानें मोठ्या उमेदीनें आपल्या पत्नीस, ल्युक्रेशियास, लिहून कळविलें. पण ती ७ फेब्रुवारीलाच न्यू हेवन येथें निवर्तली होती! वडिलांचें पत्र हातीं पडून तो घरीं पोहोंचला, तेव्हां तिचा अंत्यविधि आटोपलेला होता.

या प्रसंगावरून एक कथा रूढ झाली आहे : पत्नीच्या मृत्यूची वार्ता उशिरां कळली, म्हणून मोर्सनें तारयंत्र शोधून काढलें. कथा गोड आहे, पण मला ती पटत नाहीं. तारखाच तिच्या आड येतात. पुढचीं सात वर्षें हा गृहस्थ चित्रेंच काढीत होता. पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयांत बसून तेथील ३८ चित्रांच्या लहान प्रतिकृति एकाच प्रचंड पटावर उतरविण्याचा खटाटोप त्यानें याच काळांत आरंभिला. तारयंत्राची कल्पना सुचली ती १८३२ सालीं, तेथून परततांना, 'सली' नांवाच्या जहाजावर निघालेल्या विद्युच्चुंबकाच्या गोष्टींतून. (ज्या सहप्रवाशाशीं त्या गोष्टी झाल्या, त्या डॉक्टर जॅक्सननें पुढें श्रेयावर हक्क सांगितला, तें भांडण निराळें.)

कल्पना सुचल्यावरहि त्यानें कुंचला खालीं ठेवला नाहीं. खरा घाव बसला १८३७ सालीं. वॉशिंग्टनच्या संसदभवनांत, मोठ्या घुमटाखालील दालनांत, चार ऐतिहासिक चित्रें व्हावयाचीं होतीं. त्यांपैकीं एक आपल्या हातून व्हावें, ही त्याची जन्माची आकांक्षा. समितीनें त्यालाच वगळलें. मित्रांनीं वर्गणी जमवून एक मोठें चित्र काढण्यास पैसे दिले, पण तें चित्र झालें नाहीं, आणि पैसे त्यानें परत केले. १८४९ सालीं कादंबरीकार कूपर यास लिहिलेल्या पत्रांत तो म्हणतो कीं, चित्रकलेला आपण सोडलें नाहीं, तिनेंच आपणांस सोडलें. तोंपर्यंत तारयंत्रानें त्याचें नांव सर्वतोमुखीं केलें होतें. तरीहि हें शल्य गेलें नव्हतें.

हा मनुष्य सर्वस्वीं वंदनीय होता, असें मात्र कोणी समजूं नये. अमेरिकेंत येणाऱ्या कॅथलिक लोकांविषयीं त्यानें विषारी लेखन केलें, गुलामगिरीचें समर्थनहि केलें. चरित्रकारानें तें झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं.

२४ मे १८४४ रोजीं वॉशिंग्टन-बाल्टिमोर मार्गावर गेलेल्या सुप्रसिद्ध संदेशाची कागदी फीत लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्यें आहे. परंतु त्याहून जुनें, १८३७ सालचें, संदेश टिपून घेणारें त्याचें यंत्र स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयांत ठेवलेलें आहे. त्याचा सांगाडा कोणा सुताराकडून मुद्दाम करवून घेतलेला नाहीं. चित्राचें कापड ताणून बसविण्याची जी लांकडी चौकट चित्रकाराजवळ असते, तीच मोर्सनें टेबलाला ठोकली आणि तिच्यावर विद्युच्चुंबक व पेन्सिल बसविली.