युद्धाच्या सावलीतला एक हंगाम

सन १९४० च्या डिसेंबरातली गोष्ट. लंडनवर जर्मन विमाने बाँब टाकीत होती. इकडे १७ ऑक्टोबरला विनोबांनी पवनार येथे वैयक्तिक सत्याग्रहास आरंभ केला होता आणि एकामागून एक पुढारी तुरुंगाची वाट चालत होते. त्याच साली मार्चमध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी महागाई भत्त्यासाठी मोठा संप केला होता. अशा दिवसांत हिंदु जिमखान्याची काही मंडळी वर्ध्याला जाऊन गांधीजींना भेटली. त्यांनी विचारले काय? तर यंदा पंचरंगी क्रिकेटचे सामने खेळावेत की नाहीत!

आजच्या तरुणांना पंचरंगी म्हणजे काय हे सांगावे लागेल. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि यांपैकी कशातच न बसणाऱ्यांचा ‘रेस्ट’, असे पाच संघ धर्मावर आणि वंशावर उभे राहात. ब्रेबर्न स्टेडियम माणसांनी फुलून जाई. गांधीजींनी आपली सहानुभूती सामने बंद ठेवू पाहणाऱ्यांकडे असल्याचे सांगितले. देश यातनांतून जात असताना करमणूक कसली, हे एक कारण. पण दुसरे कारण आम्हांला अधिक मोलाचे वाटते. कॉलेजाकॉलेजांतले, संस्थासंस्थांतले सामने आपण समजू शकतो, पण धर्माधर्मांचे संघ कशासाठी हे आपल्याला कधीच उमगले नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. जिमखान्याच्या सभासदांनी मतदान केले आणि त्या वर्षी हिंदू संघ उतरला नाही.

नेमक्या त्याच हंगामात पुण्यात एका कॉलेजातले प्राध्यापक वेगळ्याच तऱ्हेचा संघ घेऊन खेळत होते. दिनकर बळवंत देवधर हे सर परशुरामभाऊ कॉलेजात संस्कृत शिकवीत. जन्म १८९२ चा, म्हणजे पन्नाशीच्या उंबरठ्यावर आलेले. १९२६ साली इंग्लंडहून आलेल्या एम. सी. सी. संघाविरुद्ध त्यांनी १४८ धावा काढल्या होत्या. पण हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना १९३२ साली झाला तेव्हा ते चाळिशीचे झाले होते, आणि कसोटी खेळण्याचा योग त्यांना कधीच आला नाही. रणजी स्पर्धा १९३४ मध्ये सुरू झाली ती प्रांतवार. तीत महाराष्ट्राचे कर्णधारपद देवधरांकडे आले आणि १९३९-४० साली महाराष्ट्राने करंडक जिंकला. इंग्लंडात तेव्हा काउंटी स्पर्धा बंद पडली होती. रणजी स्पर्धा मात्र युद्धाच्या एकाही वर्षी खंडली नाही. जपान लढाईत उतरेपर्यंत रणभूमी आपल्यापासून दूर होती, हे त्याचे एक साधे कारण म्हणता येईल.

१९४०-४१ चा हंगाम धावांच्या राशींचा झाला. पुण्यास महाराष्ट्राने मुंबईविरुद्ध ६७५ धावा केल्या, त्यांत देवधरांच्या स्वतःच्या २४६! मुंबईने उत्तर दिले ते ६५० चे. सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातल्या अवघ्या २५ धावांच्या आघाडीवर महाराष्ट्र पुढे गेला. मुंबईच्या त्या उत्तरात खंडू रांगणेकरांच्या २०२ धावा होत्या. आमच्या ठाण्यातल्या बॅडमिंटन सभागृहाला ज्यांचे नाव आहे तेच हे रांगणेकर. माजिवड्याची मुले तेथे रॅकेट घेऊन जातात, पण ते नाव कुणाचे म्हणून विचारले तर गप्प राहतात. पुढे रंगा सोहोनींनी वेस्टर्न इंडियाविरुद्ध नाबाद २१८ केल्या, नॉर्दर्न इंडियाविरुद्ध महाराष्ट्राने ७९८ धावांचा डोंगर रचला आणि अंतिम सामन्यात मद्रासेस जाऊन मद्रासला सहा गडी राखून हरविले. लागोपाठ दुसऱ्यांदा करंडक आला.

या संघात सांगलीचे विजय हजारे होते. ते ख्रिस्ती. बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ त्यांनी आदल्या हंगामात महाराष्ट्रासाठीच काढल्या होत्या. कारखान्यात साच्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाला पाळी विचारतात, खाते विचारतात. देवधरांच्या संघात हजाऱ्यांना धावा विचारल्या जात. पंचरंगीत मात्र हेच हजारे ‘रेस्ट’मध्ये, म्हणजे उरलेल्यांत!

हिंदू संघ १९४१ साली परत आला. १९४२ मध्ये ‘चले जाव’च्या वणव्यात पंचरंगी झालीच नाही. १९४३ साली, बंगालात माणसे अन्नावाचून मरत असताना, ती पुन्हा भरली. हिंदूंच्या ५ बाद ५८१ धावांपुढे ‘रेस्ट’चा पहिला डाव १३३ वर कोसळला. दुसऱ्या डावात ३८७ पैकी ३०९ धावा एकट्या हजाऱ्यांनी केल्या. त्यांचे बंधू विवेक यांच्यासह ३०० ची भागीदारी झाली, तीत विवेक यांचा वाटा २१! दुसऱ्या टोकाला नुसते टिकून राहण्यालाही किंमत असते, हे संपात आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. सामना ‘रेस्ट’ हरलाच.

देवधर तेवढ्यावर थांबले नाहीत. १९४४-४५ साली, बावन्न-त्रेपन्नाव्या वर्षी, नवानगरविरुद्ध त्यांनी दोन्ही डावांत शतके काढली. पंचरंगी १९४६ मध्ये कायमची बंद झाली. देवधरांच्या संघाने ज्या मद्रासेत करंडक जिंकला, तेथेच फेब्रुवारी १९५२ मध्ये भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला, इंग्लंडविरुद्ध. कर्णधार होते विजय हजारे.