तापलेल्या तेलाला वाऱ्याची वाट

गेल्या वैशाखात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. पाणी पिऊन झाल्यावर त्याने खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि माझ्यासमोर सोडली. आत बेअरिंगचे दोन अर्धगोल तुकडे होते. एरवी ते आरशासारखे गुळगुळीत असायचे. इथे ते खरवडून काढल्यासारखे दिसत होते, कडा काळ्या पडलेल्या. "सर, ऑइल कूलर लावला होता, तरी घाटात इंजिन धरलं. आता याच्या दुप्पट मोठा कूलर आणतो," तो म्हणाला.

तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या मास्तरापुढे बेअरिंग मांडून काय होणार? पण या पोराला माझी खोड ठाऊक होती. वर्गात तहांच्या कलमांपेक्षा मी गिरण्या, जहाजे आणि इंजिने यांतच अधिक रमत असे. आता त्याचे तालुक्याच्या रस्त्यावर छोटे गॅरेज आहे. जुन्या लहान गाड्या घेऊन तो त्यांना टर्बो बसवतो, इंजिनाची ताकद वाढवतो आणि रॅलीच्या शर्यतींसाठी तयार करतो. त्या इंजिनात त्याची दोन वर्षांची शिल्लक गेली होती, आणि उसनवारी वेगळीच.

"कूलर लावलास कुठे?" मी विचारले.

"पुढच्या बंपरमागे, डाव्या कोपऱ्यात. समोर चांगलं हातभर भोक पाडलंय. वारा भरपूर."

"आणि वारा बाहेर कुठून जातो?"

यावर तो गप्प बसला. आजचे माझे बोलणे त्या गप्प बसण्याविषयीच आहे. विमाने आणि मोटारी करणाऱ्या मोठमोठ्या लोकांनाही या एका प्रश्नाने पुष्कळ दमवले आहे.

आधी तेलाचे काम पाहू. बैलगाडीच्या आसाला वंगण घातले नाही तर चाक कुरकुरते, हे लहान मुलालाही माहीत आहे. मोटारीच्या इंजिनात तेच काम तेल करते. फिरणारा दांडा बेअरिंगला प्रत्यक्ष टेकतच नाही, दोहोंच्या मध्ये केसाहून पातळ असा तेलाचा थर असतो आणि त्यावर दांडा तरंगतो. पण तापले की तेल पातळ होते. शिक्षकांना हे वर्गात सहज दाखवता येईल: गोडेतेल थंड असताना पळीतून कसे ओघळते आणि कोमट केल्यावर कसे पळते, ते मुलांना पाहू द्यावे. इंजिनाचे साधे 30 नंबरचे तेल 40 अंशांवर जितके दाट असते, त्याच्या आठ-नऊ पट पातळ ते 100 अंशांवर होते. 90 ते 110 अंशांच्या आसपास त्याचे बरे चालते. त्याच्या फार पुढे गेले की थर तुटतो, धातूला धातू घासतो आणि मग रुमालात बांधून आणण्यासारखी वस्तू तयार होते. टर्बोच्या गाडीत तर हेच तेल टर्बोच्या लालबुंद होणाऱ्या भागाजवळच्या बेअरिंगलाही जाते, म्हणजे ताप दुहेरी.

पहिल्या महायुद्धातल्या कित्येक विमानांना ही काळजी नव्हती. त्यांची गोल फिरणारी इंजिने एरंडेल तेलावर चालत. तेल एकदा इंजिनात गेले की काम करून बाहेर फेकले जाई, बरेचसे वैमानिकाच्या अंगावरच! जे तेल परत यायचे नाही, ते थंड कशाला करायचे? तेच तेल फिरवून फिरवून वापरण्याची रीत रुळली आणि इंजिनांची ताकद वाढत गेली, तेव्हा प्रश्न उभा राहिला की तेलाने गोळा केलेली उष्णता टाकायची कुठे?

या प्रश्नाचे सर्वांत धाडसी उत्तर इंग्लंडमध्ये रेजिनाल्ड मिचेल या अभियंत्याने दिले. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांची श्नायडर ट्रॉफी नावाची शर्यत 1913 पासून भरत असे. 1931 च्या शर्यतीसाठी मिचेलने सुपरमरीन एस. 6 बी हे विमान तयार केले. त्याच्या रोल्स-रॉइस इंजिनाची ताकद 2,300 अश्वशक्तीच्याही वर होती. एवढ्या इंजिनाला नेहमीसारखा रेडिएटर लावायचा तर तो वाऱ्यात आडवा उभा राहणार आणि वेग खाणार. म्हणून मिचेलने विमानाची कातडीच रेडिएटर केली. पाणी पंखांच्या पत्र्याखालून फिरवले. तेल विमानाच्या दोन्ही कुशींना लावलेल्या पन्हळींतून मागे शेपटीच्या उभ्या पंखापर्यंत नेले, तिथल्या टाकीत सोडले आणि पोटाखालच्या वाटेने पुन्हा इंजिनाकडे आणले. मिचेल आपल्या या विमानांना उडता रेडिएटर म्हणत असे, असे सांगतात. 13 सप्टेंबर 1931 रोजी या विमानाने ताशी 340 मैल, म्हणजे सुमारे 547 किलोमीटर वेगाने शर्यत जिंकली. त्याच महिन्याच्या 29 तारखेला त्याच जातीच्या विमानाने 400 मैलांची मर्यादा ओलांडली. एवढे करूनही वैमानिकाला तापमानाच्या काट्यावर डोळा ठेवूनच इंजिनाची ताकद वापरावी लागे.

पण लढाईत असली कातडी काय कामाची? एक गोळी लागली की तेल गळून जाणार. रोजच्या वापराला बंदिस्त कूलरच हवा आणि तो वाऱ्याला अडवणारही. 1935 मध्ये फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन केंद्रातल्या एफ. डब्ल्यू. मेरेडिथ याने यातून वाट दाखवली. कूलर उघड्या वाऱ्यात टांगू नका, त्याला बोगद्यात बसवा, असे त्याचे म्हणणे. बोगद्याचे तोंड लहान, मग तो हळूहळू रुंदावत जाणारा. रुंद जागी वारा मंदावतो, त्याचा दाब वाढतो आणि तो कूलरच्या पापुद्र्यांतून सावकाश, नीट जातो. पुढे बोगदा पुन्हा अरुंद होत गेला की तापून फुगलेला वारा जोराने मागे निघतो. त्या जोराने विमानाला थोडा रेटाही मिळतो आणि अडथळ्याचे बरेच नुकसान भरून निघते. म्हणजे आत येण्याच्या वाटेइतकाच बाहेर जाण्याच्या वाटेचा विचार त्याने केला. माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली इथेच आहे.

5 मार्च 1936 रोजी मिचेलचेच स्पिटफायर विमान प्रथम उडाले. त्याच्या पहिल्या नमुन्यांत उजव्या पंखाखाली रेडिएटर आणि डाव्या पंखाखाली तेलाचा कूलर असे. रेडिएटर मेरेडिथच्या रीतीने बोगद्यात बसवलेला होता आणि त्याच्या मागच्या तोंडाला उघडझाप करणारी झडप होती. हवेत सगळे उत्तम. जमिनीवर मात्र उतरवलेल्या चाकाचा पाय नेमका उजव्या रेडिएटरच्या पुढ्यात येई. धावपट्टीवर जास्त वेळ थांबावे लागले की इंजिन जास्त तापू लागे. जागा निवडताना एका स्थितीचा विचार झाला की दुसरी स्थिती अशी डोके वर काढते.

आता जमिनीवरच्या गाड्यांकडे येऊ, कारण पोराची अडचण तिथलीच होती. जर्मनीची फोक्सवागन बीटल ही कासवाच्या आकाराची गाडी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. जगभरात दोन कोटींहून अधिक विकली गेली. शेवटची गाडी 2003 मध्ये मेक्सिकोत निघाली. तिचे इंजिन मागे आणि वाऱ्यावर थंड होणारे. पाणी नाही, रेडिएटर नाही. एक मोठा पंखा पत्र्याच्या घरातून चारही सिलिंडरांवर वारा सोडतो. तेलाचा कूलर त्याच पत्र्याच्या घरात, डाव्या बाजूच्या सिलिंडरांच्या वर उभा केलेला होता. दिसायला व्यवस्था सुटसुटीत. पण तीन नंबरच्या सिलिंडरकडे जाणारा वारा आधी कूलर अडवी आणि जो पुढे जाई तो तापून जाई. तेल थंड होई, पण शेजाऱ्याच्या जिवावर. बीटल दुरुस्त करणाऱ्या मिस्त्र्यांना तीन नंबरचा जळलेला व्हॉल्व्ह चांगला परिचयाचा होता. कंपनीने काही इंजिनांत तेवढ्या सिलिंडरची ठिणगी किंचित उशिरा पडेल अशी तजवीजही करून पाहिली. खरी दुरुस्ती आली ती 1971 च्या मॉडेलात. कूलर उचलून पत्र्याच्या घराबाहेर एका छोट्या कोनाड्यात ठेवला, पंखा रुंद केला आणि कूलरमधून गेलेला तापलेला वारा वेगळ्या वाटेने बाहेर काढला. त्या कोनाड्याला इंग्रज-अमेरिकन मिस्त्री कुत्र्याचे घर म्हणतात.

बीटलच्याच घराण्यातली पोर्शे 911 ही वेगाची गाडी. तिचेही इंजिन मागे आणि वाऱ्यावर थंड होणारे. इंजिनाची ताकद वाढत गेली तसे मागच्या कूलरने भागेना. 1969 च्या 911 एस गाडीत दुसरा कूलर थेट पुढे, उजव्या चाकावरच्या पंख्यात, म्हणजे मडगार्डच्या पोकळीत बसवला. इंजिन मागे आणि कूलर पुढे. तेलाने गाडीची लांबी तुडवून यायचे. लांब नळ्या म्हणजे गळतीची भीती आणि जास्त तेल. पण ताजा वारा पुढेच मिळतो आणि चाकाच्या पोकळीतून तो निघूनही जातो. याच गाडीची एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. 1972 च्या मॉडेलात तेलाची टाकी दाराच्या मागे आणली आणि तेल घालायला बाहेरून झाकण ठेवले. पेट्रोल पंपावरच्या काही माणसांनी ते पेट्रोलचेच झाकण समजून त्यात पेट्रोल ओतले! पुढच्याच वर्षी टाकी मुकाट्याने मूळ जागी गेली.

इंग्लंडच्या 1959 च्या मिनी गाडीत गिअरबॉक्स इंजिनाच्या पोटातच आहे. तेच तेल दोघांनाही लागते, म्हणून ते लवकर तापते. माँटे कार्लो रॅली जिंकणाऱ्या मिनी कूपर एस गाडीला 1966 पासून कारखान्यातूनच ऑइल कूलर मिळू लागला. जागा अगदी साधी, पुढच्या जाळीमागे. मिनीचा पाण्याचा रेडिएटर बाजूला, चाकाच्या दिशेने तोंड करून असतो, त्यामुळे कूलरचा तापलेला वारा सरळ त्याच्या तोंडावर जात नाही. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत रेडिएटर पुढेच आहे. कूलर त्याला चिकटवून लावला की बीटलच्या तीन नंबरच्या सिलिंडरची गोष्ट पुन्हा घडते, फक्त सिलिंडरऐवजी पाणी तापते.

हे सगळे ऐकून विद्यार्थी म्हणाला, "मग माझा कूलर तर रेडिएटरपासून लांब होता." खरे होते. मी त्याला एक रिकामी बाटली दिली आणि तोंडाने तिच्यात फुंकर मारायला सांगितले. फुंकर आत गेलीच नाही, उलट त्याच्याच तोंडावर आली. त्याच्या कूलरच्या मागे चाकाचे प्लास्टिकचे अस्तर होते, अगदी घट्ट. हातभर भोक म्हणजे बाटलीचे तोंड होते.

पुढच्या रविवारी आम्ही त्याच्या गॅरेजमध्ये गेलो. तो बॉनेटची मागची कड उचलून ठेवणार होता, म्हणजे गरम वारा काचेजवळून निघेल. शर्यतीच्या हौशी लोकांत ही युक्ती फार पसरली आहे. मी म्हटले, आधी पाहू. बॉनेटवर आणि चाकाच्या पोकळीच्या कडेला लोकरीचे वीतभर धागे चिकटवले आणि मोकळ्या रस्त्यावर तो गाडी चालवत असताना मी शेजारच्या गाडीतून पाहत राहिलो. काचेच्या पायथ्याशी धागे मागे सरळ न जाता घोटाळत, उलटेसुद्धा वळत होते. वारा काचेवर आदळून तिथे दाब वाढतो, त्यामुळे तिथली फट वारा बाहेर न सोडता आतच घेते. चाकाच्या पोकळीतले धागे मात्र बाहेर ओढले जात होते.

मग काम सोपे झाले. समोरचे भोक पत्रा लावून लहान केले. भोकापासून कूलरपर्यंत रुंदावत जाणारा पत्र्याचा बोगदा केला आणि वारा बाजूने पळू नये म्हणून कडांना स्पंजाची पट्टी लावली. चाकाच्या अस्तराला मागे मोठी खिडकी पाडून जाळी बसवली. कूलर रबरी पायांवर ठेवला आणि नळ्यांची तोंडे वर केली, म्हणजे आत हवा कोंडणार नाही. नळ्या टायरला घासणार नाहीत अशा वळवून बांधल्या. तेल टायरवर गळले तर इंजिनाआधी माणूस जायचा. कूलर आधी होता तोच ठेवला. नव्या, मोठ्या कूलरचे पैसे वाचले ते नव्या बेअरिंगांना गेले.

पावसाळ्याआधी तो त्याच घाटातून, त्याच वेगाने दोनदा चढला. पूर्वी ज्या वळणावर तेलाचा काटा तांबड्या पट्टीत शिरत असे, तिथे तो पट्टीच्या बराच खाली उभा राहिला. मला रात्री फोन करून त्याने तेवढेच सांगितले.

मार्गशीर्षात पुन्हा फोन आला. आता पहाटे तेल तापतच नाही म्हणे. थंड तेल दाट असते, पंपाला जड जाते आणि त्यात जमलेले पाणी उडून जात नाही. उंचावरच्या थंडीत काही विमानांचे तेल कूलरच्या नळ्यांत थिजून बसे, मग नवे गरम तेल त्याला वळसा घालून तसेच परत येई आणि थंडीतच इंजिन तापे. त्यावर उपाय म्हणजे सुमारे 80 अंशांना उघडणारी थर्मोस्टॅटची झडप. ती मागवली आहे. येईपर्यंत त्याने कूलरच्या अर्ध्या तोंडावर वहीचा पुठ्ठा बांधला आहे.