परक्याची कुमक आणि घरचा कारभार

कानपूरहून लखनौस येणारा जुना रस्ता शहराच्या ऐन वस्तीत शिरण्यापूर्वी आलमबागेवरून जातो. अवधचा अखेरचा बादशहा वाजिद अली शहा याने आपली बेगम आलम आरा हिच्यासाठी ही बाग व तीतील कोठी बांधविली. आज तेथे बसस्थानक आहे, गजबजलेला बाजार आहे, आणि २०१७ पासून त्या गर्दीच्या डोक्यावरून मेट्रो धावत असते. या मेट्रोसाठी युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेने ४५ कोटी युरोचे कर्ज मंजूर केले होते. परक्याच्या पैशाने झालेले काम हजारो माणसांच्या रोजच्या उपयोगी पडते, हे आलमबागेत कोणालाही दिसेल. परंतु परक्याच्या साहाय्याने घरचा कारभार कसा नासतो, याचीही एक लांबलचक कहाणी याच बागेपाशी येऊन संपते, आणि तिचा एक धागा आपल्या मराठी मुलखातून निघालेला आहे.

परदेशी मदतीमुळे गरीब देशांतील राज्यकर्ते भ्रष्ट होतात काय, हा वाद आजचा आहे. अर्थशास्त्रज्ञ पीटर बाउर यांनी तो दीर्घकाळ चालविला. झांबियात जन्मलेल्या डॅम्बिसा मोयो यांनी २००९ साली एक पुस्तकच त्यावर लिहिले. आपल्याकडे मात्र या प्रश्नाचे उत्तर दोनशे वर्षांपूर्वीच्या दप्तरांत पडून आहे. त्या काळी मदतीचे नाव तैनाती फौज असे होते. कोणी म्हणेल, ती मदत कसली? नबाब तिचे दाम मोजीत होता! गोष्ट खरी आहे. पण आजच्या मदतीपैकीही बराच भाग कर्जाऊच असतो. मदतीचे मोल कोण देतो यापेक्षा, ती घेणारा राजा त्यानंतर कोणाला जबाबदार राहतो, हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

बक्सारच्या पराभवानंतर १७६५ साली शुजाउद्दौल्याने कंपनीस ५० लाख रुपये देण्याचे कबूल केले. फौजेचा खर्च पुढे वाढतच गेला. १७९८ च्या तहाने तो सालीना ७६ लाखांवर गेला. आणि १८०१ मध्ये वेलस्लीने नबाब सआदत अलीकडून जवळजवळ निम्मे राज्य, म्हणजे सुमारे १ कोटी ३५ लाखांचा मुलूख, फौजेच्या खर्चापोटी कायमचा लिहून घेतला. मोबदल्यात नबाबास काय मिळाले? बाहेरच्या शत्रूपासून आणि घरच्या बंडाळीपासून अभय. यातील दुसरे अभय घातक ठरले. पूर्वी आमिलाने जुलूम केला तर जमीनदार आपल्या गढीची दारे लावून तोफा डागीत, आणि नबाबास नमते घ्यावे लागे. ही काही उत्तम राज्यपद्धती नव्हे, परंतु तो एक धाक होता. आता तख्त परक्या संगिनींच्या भरवशावर निर्धास्त झाले. वसुलीसाठी कंपनीची फौज मागितली तरी ती नेहमी मिळत असे, असे नाही. पण तख्त उलथणार नाही, एवढे दरबार जाणून होता. इजाऱ्याने महाल घेणारे चकलेदार रयतेस कसे पिळीत, याचे वर्णन रेसिडेंट स्लीमन याने १८४९-५० च्या आपल्या दौऱ्यात पानोपानी केले आहे.

नबाबच तेवढे भ्रष्ट झाले, असे मात्र कोणी समजू नये. १७८१ साली, कंपनीच्या फौजेचे पैसे थकलेले असताना, वॉरन हेस्टिंग्ज याने चुनार येथे आसफउद्दौल्याकडून १० लाखांचा नजराणा घेतला, आणि तो आपल्यास ठेवू द्यावा अशी संचालकांस विनंतीही केली. ज्याच्यावर राज्य तगून आहे त्याची मर्जी राखणे हाच राज्यकारभाराचा मुख्य विषय झाला, की देणारा आणि घेणारा दोघांचेही हात बरबटतात.

आपल्या पुण्याची कथा वेगळी नाही. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची सहा हजारांची फौज पत्करली आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. सरदारांची मने सांभाळण्याची गरज संपली. त्यानंतर परगण्यांचे मक्ते जो जास्त बोली करील त्यास मिळू लागले. मक्तेदार पोटमक्तेदारास देई, तो गावास नागवी, आणि दाद मागावी तर मक्तेदारच न्यायाधीश! एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात हे नमूद केले आहे. ज्या फौजेच्या जोरावर हे चालले ती कोणाची होती, ही गोष्ट त्याच्या लेखणीस तितकीशी टोचलेली दिसत नाही. १८१८ मध्ये शरण आलेला बाजीराव ८ लाखांचा तनखा घेऊन कानपुराजवळ ब्रह्मावर्तास राहिला, आणि तेथेच १८५१ मध्ये वारला.

परंतु सर्वांत बोलका दाखला बडोद्याचा. गायकवाडांच्या दरबारात अरब शिपायांचा पगार थकला होता. तो भागविण्यासाठी सावकारांकडून कर्ज काढावे लागले, आणि सावकारांचा दरबारावर विश्वास नसल्याने कंपनी जामीन राहिली. या हमीस बहांदरी म्हणत. हेतू वाईट नव्हता, राज्य सावरले. पण बहांदरी मिळालेल्या सावकारास व कारभाऱ्यास हात लावण्याची महाराजांस सोय उरली नाही. दरबाराने हिशेब मागितला की तो रेसिडेन्सीकडे धाव घेई. रेसिडेंटाच्या वर मुंबई सरकार. तेव्हा मुंबईस वशिला असणारा माणूस बडोद्यात मोठा ठरू लागला. मुंबईत योग्य ठिकाणी पैसा पोचविला की हवा तो निकाल मिळतो, अशी सार्वत्रिक समजूत झाली. या व्यवहाराला खटपट हे नाव पडले. आपण हा शब्द सहज वापरतो. बडोद्यात त्याचा अर्थ लाच असा झाला, आणि तो जसाच्या तसा इंग्रजी कागदपत्रांत गेला. सरकारी दप्तरात निम्मे आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्यास याचे नवल वाटत नाही. ज्याच्या सहीने काम होते त्याच्या दाराकडे पायवाट पडतेच. ती सही जितकी दूरची, तितके वाटेवरचे दलाल जास्त.

श्रोतेहो, या खटपटीचा अहवाल १८५१ च्या अखेरीस ज्याने मुंबई सरकारास धाडला तो बडोद्याचा रेसिडेंट जेम्स आउट्रम. सरकारच्या अब्रूवर शिंतोडे उडविणारी त्याची भाषा गव्हर्नर फॉकलंड यांस मानवली नाही. लाच खाणाऱ्यांची चौकशी राहिली बाजूला, आउट्रमलाच बडोदे सोडावे लागले. पुढच्या वर्षी ही सारी कागदपत्रे पार्लमेंटपुढे छापून आली, तेव्हा कोठे त्यांचा गवगवा झाला.

आता आजच्या जगाकडे क्षणभर पाहू. झैरेत मोबुटू १९६५ पासून १९९७ पर्यंत सत्तेवर राहिला तो पाश्चात्त्य सरकारांच्या पाठबळावर. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने तेथील मध्यवर्ती बँकेत पाठविलेल्या एर्विन ब्लूमेंथाल यांनी १९८२ साली स्पष्ट लिहून दिले की, या देशास दिलेले पैसे परत येण्याची आशा नाही. तरीही पैसे जातच राहिले, कारण मोबुटू शीतयुद्धात आपल्या बाजूचा होता. जागतिक बँकेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात मदतीवर फार अवलंबून असलेले २२ देश तपासले होते. मदतीचे हप्ते पोचले की त्या देशांतील लोकांच्या परदेशी गुप्त ठेवी वाढतात, आणि ही गळती मदतीच्या सरासरी साडेसात टक्क्यांच्या आसपास भरते, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे बहुतेक पैसा पळवाटेने जात नाही, हेही त्यातूनच निघते. उलट बोट्स्वाना १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्या सरकारी खर्चाचा सुमारे निम्मा भाग ब्रिटिश अनुदानातून चाले. त्या राज्यकर्त्यांनी काही वर्षांतच ती कुबडी टाकून दिली. अवधातही असा अपवाद आहे. ज्या सआदत अलीने निम्मे राज्य गमावले, तोच उरलेल्या अर्ध्या राज्याचा काटकसरीने कारभार करून १८१४ मध्ये भरलेली तिजोरी मागे ठेवून गेला. विशेष हे की, त्याच्या मुलाच्या कारकीर्दीत कंपनीनेच त्या तिजोरीतून नेपाळच्या युद्धासाठी दोन कोटींचे कर्ज उचलले. तेव्हा मदत आली की माणूस बिघडलाच, असा नियम मला बांधता येत नाही. मात्र बिघडलेल्या माणसास मदतीने मुदतवाढ मिळते, एवढे निश्चित दिसते.

बडोद्यात नाव गमावलेला आउट्रम १८५४ च्या अखेरीस लखनौचा रेसिडेंट झाला. अवधच्या गैरकारभाराची चौकशी करण्याचे काम आता त्याच्याकडे आले. त्याने स्लीमनचेच कागद पुढे ठेवून राज्य कंपनीने घ्यावे असा अभिप्राय दिला. स्वतः स्लीमन मात्र राज्य खालसा करण्याच्या विरुद्ध होता. १८३७ साली एक तह झाला होता. कारभार बिघडल्यास कंपनीने तो चालवावा, पण शिल्लक वसूल अवधच्याच खजिन्यात भरावा, असे त्यात होते. विलायतेने तो नामंजूर केला, आणि ही गोष्ट अवधच्या राजास धडपणे कोणी कळविलीच नाही. ४ फेब्रुवारी १८५६ रोजी आउट्रमने नवा मसुदा पुढे केला, तेव्हा वाजिद अली शहाने पगडी उतरून त्याच्या हाती दिली आणि सही करण्यास नकार दिला. तीन दिवसांनी राज्य खालसा झाले.

पावणेदोन वर्षांनी, नोव्हेंबर १८५७ मध्ये, हाच आउट्रम सुमारे चार हजार शिपायांनिशी आलमबाग धरून बसला होता. बादशहा तोवर कलकत्त्यात कैदेत पडला होता. बेगमेसाठी बांधलेल्या त्या बागेच्या भिंतीआड, ज्या रयतेला गैरकारभारातून सोडविले म्हणून कंपनी सांगत असे, तिच्याच हल्ल्यांना तोंड देत आउट्रमने मार्चपर्यंत दिवस काढले. त्याचा सहकारी हॅवलॉक २४ नोव्हेंबरला वारला. त्याची कबर अद्याप आलमबागेत आहे.