जुन्या गोव्यातील सेंट कायतान चर्च : घुमट, विहीर आणि इतिहास

रामाकोना, सौसर, पांढुर्णा भागातून गोव्याला जाणारी मंडळी जुन्या गोव्यात बहुधा बॉम जीझस बघतात आणि परततात. तिथून चालत जाता येईल एवढ्याच अंतरावर, मांडवीच्या बाजूला, मोठ्या घुमटाचे पांढरे सेंट कायतान चर्च आहे. ते चुकवू नका.

इतिहास
हे चर्च थिएटाइन या इटालियन संघाच्या पाद्र्यांनी बांधले. पोप आठव्या अर्बनने त्यांना गोवळकोंड्याला पाठवले होते. तिथे प्रवेश मिळाला नाही, म्हणून १६४० मध्ये ते गोव्यात स्थिरावले. चर्च १६६१ मध्ये पूर्ण झाले. कार्लो फेर्रारिनी आणि फ्रान्सेस्को मारिया मिलाझ्झो हे त्याचे वास्तुकार मानले जातात.

रचना
नमुना रोमच्या सेंट पीटर्सचा, आकार मात्र त्यामानाने लहान. बाहेरून इमारत आयताकृती दिसते, आत गेलं की क्रुसाचा आकार लक्षात येतो. चार भक्कम खांबांवर घुमट पेललेला आहे. दर्शनी बाजूला दोन चौकोनी मनोरे आणि कोनाड्यांत संतांचे पुतळे. मुख्य वेदी दैवी कृपेच्या मातेला अर्पण केलेली.

घुमटाच्या बरोबर खाली विहीर आहे, वर चौथरा करून ती झाकली आहे. इथे आधी देऊळ होते, असं काही लोक सांगतात.

याच काळात विजापुरात आदिलशाहीचा गोल घुमट उभा राहिला. म्हणजे दख्खनमध्ये एकाच वेळी दोन वेगळ्या परंपरांचे घुमट चढत होते. आणि चर्चजवळच आदिलशहाच्या वाड्याचा म्हणून ओळखला जाणारा दगडी दरवाजा अजून उभा आहे!

आज काय?
१८३४-३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघ बंद केले. १८४३ मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजीला गेली. ओस पडलेल्या शहरातल्या कितीतरी इमारती कोसळल्या, ही टिकली. १९८६ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतील वास्तूंपैकी एक आहे.

गोव्याचा जांभा दगड पावसाचे पाणी शोषतो, त्यामुळे चुन्याचा गिलावा हेच त्याचे कवच. बॉम जीझसचा गिलावा गेल्या शतकात काढला गेला, आणि तिथला उघडा जांभा झिजतोय. सेंट कायतानचा पांढरा रंग म्हणजे नुसती शोभा नाही, तर त्याचं आयुष्य आहे.