टोचणीचें पाणी

टोचावयाचें औषध पुष्कळदां कोरड्या भुकटीच्या रूपांत येतें व ऐन वेळीं पाण्यांत विरघळवावें लागतें. औषधाची कीर्ति सर्वत्र होते. पाण्याचें नांव मात्र कोणी घेत नाहीं. तथापि कित्येक रोग्यांचें बरेंवाईट या पाण्यानेंच ठरविलें आहे.

१९१० सालीं पॉल एर्लिख यांचें सालव्हर्सान प्रचारांत आलें. तें टोचल्यावर कित्येक रोग्यांना हुडहुडी भरे व ताप चढे. दोष औषधाचा कीं पाण्याचा, असा वाद माजला. पाणी तर ऊर्ध्वपातन करून शुद्ध केलेलें असे! १९२३ सालीं अमेरिकेंतील फ्लॉरेन्स सायबर्ट या विदुषींनीं हें कोडें उलगडलें. उकळल्यानें जंतु मरतात. पण त्यांच्यापासून निघालेला तापकारक अंश टिकून राहतो आणि ऊर्ध्वपातनाच्या वेळीं वाफेबरोबर उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांतून शुद्ध पाण्यांत उतरतो. हे तुषार वाटेंतच अडविणारें यंत्र त्यांनीं सिद्ध केलें.

पाणी शुद्ध झालें. पण तें शुद्ध राहावें कसें? रबरी बुचाच्या एकाच बाटलींतून अनेकांना औषध द्यावयाचें, म्हणजे तींत सुई पुनःपुन्हां शिरणार. या धोक्याचें भीषण उदाहरण जानेवारी १९२८ मध्यें ऑस्ट्रेलियांतील बुंडाबर्ग गांवीं घडलें. घटसर्पाच्या लशीची बाटली पूर्वीं उघडून वापरलेली होती. तींत जंतुरोधक द्रव्य नव्हतें आणि दिवस कडक उन्हाळ्याचे होते. २७ तारखेस २१ मुलांना लस टोचली. लवकरच त्यांतील १२ मुलें दगावलीं. चार्ल्स केलवे यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीमंडळास असें आढळलें कीं, बाटलींत पूजनक जंतु वाढले होते. जंतुरोधकाशिवाय अशीं औषधें अनेक मात्रांच्या बाटल्यांत भरूं नयेत, असें मंडळानें बजावलें.

त्याच तत्त्वावर आजचें जंतुरोधक पाणी तयार होतें. त्याच्या दर १०० मिलिलिटरमध्यें सामान्यतः ०.९ ग्रॅम बेंझिल अल्कोहोल असतें. हें द्रव्य जंतूंची वाढ रोखून धरतें. मळलेल्या सुईचें पाप तें धुऊन काढीत नाहीं. म्हणून उघडलेली बाटली साधारणतः २८ दिवसांनंतर टाकून देतात.

परंतु राखणदारही कधीं घातक ठरतो. अमेरिकेंत अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांच्या नळ्या धुण्यास व औषधें कालविण्यास हेंच द्रव्य घातलेले द्राव वापरले जात. त्या कोवळ्या यकृतांना तें पचविणें झेपेना; अर्भकें धापा टाकीत व कांहीं प्राणास मुकलीं. १९८२ सालीं हें उघडकीस आलें आणि सरकारी औषधखात्यानें इशारा दिला.

तेव्हांपासून अशा बाटलीवर, नवजात बालकांसाठीं वापरूं नये, अशी सूचना असते. बुंडाबर्गच्या मुलांनीं बाटलींत जंतुरोधक घालावयास शिकविलें. या अर्भकांनीं तें कोठें वापरूं नये हें शिकविलें. बाटलीवरील त्या चार शब्दांचें मोल एवढें मोठें आहे.